आचारसंहितेतली बंदूक

माझ्याकडे ठासणीची बंदूक आहे आणि ती मला आवडते. बाईमाणसाने असं म्हटलं की पाहुणे खुर्ची मागे सरकवतात. सरकवू देत. वानर म्हणजे मारुतीचं रूप, त्याच्यावर नेम धरायला माझा हात धजत नाही, म्हणून मी बार हवेतच काढते. खांदा हादरतो, आंब्याच्या कलमांवरची वानरं पळतात आणि माझा दिवसभराचा राग उतरतो.

पण आंबा तयार व्हायला आणि निवडणूक लागायला नेमका एकच मुहूर्त सापडतो. आचारसंहिता लागली की शेतीसाठी परवाना असलेली बंदूकही पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. वानरांना आचारसंहिता लागू नाही का, असं मी यंदा हवालदाराला विचारलं. तो हसला आणि पावती दिली.

दुसऱ्या दिवशी मी खांद्याला काठी लावून बागेत गेले. वानरं पळाली. तिसऱ्या दिवशी मात्र मोठा हुप्प्या खालच्या फांदीवर बसूनच राहिला. बंदुकीने कधी धरला नाही तो नेम मी काठीने धरला. तो बघत राहिला. शेवटी मी तोंडानेच ‘ठो’ केलं. त्याने एक चावा घेतलेला आंबा माझ्या पायाशी टाकला आणि दुसरा तोडला.