खडूनं दाखवलेलं घर

शिवणवाल्या मावशींनी चौथ्या मजल्यावरचं घर विकायला काढलंय, ही बातमी त्यांच्या लेकीच्याही आधी मला, त्यांच्या शेजाऱ्याला, होती. कशी, ते विचारू नका. गुडघ्यांनी त्यांना जेरीस आणलं होतं. पलीकडच्या गल्लीत तळमजल्याचं घर मिळत होतं, रस्त्याकडेला मशीन मांडायला खोली असलेलं. पण तो मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

दलाल भारी हुशार. त्यानं भिंतीवरच्या ओलीच्या डागापुढे कपाट सरकवलं, सुगंध फवारला आणि मावशींना तोंड मिटून बसवलं. तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनीही कपाटामागे डोकावलं आणि जिना उतरली. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण घर घेणारा आधी मूठच उघडून बघतो.

चौथ्या खेपेला मावशींनी दलालाला विचारलंच नाही. कपड्याच्या पहिल्या ट्रायललाच जिथे चुकलंय तिथे गिऱ्हाइकासमोर खडू मारायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी कपाट हलवलं, डागाभोवती गोल काढला, अडकणाऱ्या खिडकीवर बाण, डुगडुगणाऱ्या फरशीवर फुली. दलालाचा चेहरा असा पडला की उचलायला दोन माणसं लागली असती.

"मावशी, घर विकायचंय की नापास करायचंय?"

"गप रे. आज फिटिंग आहे."

आल्या त्या सासू-सुना. सून नर्स, अबोल. सासू मात्र फौजदार. तिनं गोलावर बोट ठेवून विचारलं, हे कुणी केलं? मावशींनी सरळ सांगितलं, मीच. वरच्यांचा नळ गळत होता, तो दुरुस्त झाला, डाग तेवढा उरलाय. सासू घरभर हिंडली आणि स्वयंपाकघरातून विजयी मुद्रेनं परतली.

"ओट्याखालच्या कपाटाची कडी ढिली आहे. तिला खूण नाही."

"राहिली बघा," म्हणत मावशींनी खडूच तिच्या हाती दिला.

सासूनं कडीवर फुली मारली. मग बेडरूममध्ये जाऊन, पदर खोचून, जमिनीवर भलामोठा चौकोन आखला. "इथे माझा पलंग."

"मग आम्ही कुठे झोपायचं?" सून पहिल्यांदाच बोलली.

तिथेच घर गेलं, सांगितलेल्या किमतीला. दलाल तर असा मिरवला, जणू खडू त्यानंच शोधून काढला.

महिना संपायला चार दिवस असतानाच मावशींनी तळमजल्याच्या किल्ल्या घेतल्या. चौथ्या मजल्यावरचं घर जन्मात खपत नाही असं मी चारचौघांत सांगत फिरलो होतो, तेही त्यांच्या कानावर होतंच. म्हणून मशीन चार जिने खाली उतरवायचा मान मलाच मिळाला. मावशी पुढे चालत सांगत होत्या, "सावकाश हं, भाऊजी, पायरी सांभाळा."