बिनत्रिशुळाच्या देव्या

मी ब्लाउज शिवते. सात रस्ता चौकापासून दोन गल्ल्या आत माझं दुकान आहे. दोन शिलाई मशीन, कापायचं एक टेबल, एक आरसा, आणि गेल्या तीन वर्षांपासून टेबलाच्या खणात पत्त्यांचा एक जोड. टॅरोचे, भविष्य सांगायचे पत्ते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आमच्या घरातले सगळे हसून झालेत.

पत्ते दिले पुण्याला असलेल्या लेकीनं, वाढदिवसाला. तिला वाटलं, आईनं मालिका बघत बसण्यापेक्षा हे बरं. मी फोनवर व्हिडिओ बघून बघून शिकले. बायका ट्रायलला येतात, हुक लावून होईपर्यंत थांबतात, तेवढ्यात एक पत्ता काढायचा. कुणाची सून बोलत नाही, कुणाच्या मुलाचं कुठं जमत नाही. खरं सांगू का, पत्ता कोणताही निघो, बायकांना बोलायला निमित्त हवं असतं आणि मला ऐकायला आवडतं. पण "लई खरं निघालं बाई तुमचं" असं म्हणून कुणी गेलं की मी दिवसभर फुगलेली असायचे. माणसाला डोक्यावर चढवायला एवढं पुरतं.

आता जाऊबाईंचं सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई गावाकडं, कुंभारीला राहतात. मी त्यांना अक्का म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. अक्कांनी महिनाभर माझ्या वाट्याच्या भाकरी केल्या आणि सासूबाईंना बिनदिक्कत सांगितलं, "धाकटीच्या हाताला लई चव हाय." असल्या बाईवर जीव जडणार नाही तर कुणावर जडणार? भांडतो पण आम्ही, चांगलं कडाकडा भांडतो. माझा स्वभाव तापट आणि त्यांचा हट्टी. पण बोलणं बंद ठेवायला गेलो की दुसऱ्या दिवशी दोघींपैकी एकीचा फोन जातोच.

गेल्या वर्षी त्यांच्या भाचीचं लग्न होतं, म्हणून नव्या ब्लाउजचं माप द्यायला त्या दुकानात आल्या. टेप छातीवरून फिरवून काखेजवळ आणली तर अक्का दचकल्या.

"दुखतंय का?"

"न्हाय गं. गुदगुल्या झाल्या."

मी बोट लावून बघितलं. सुपारीएवढं काहीतरी कडक लागलं. तीस वर्षं मी बायकांची मापं घेते. कुठं काय असतं आणि काय नसतं, ते डोळे मिटूनसुद्धा माझ्या बोटांना कळतं. माझं बोट तिथंच थांबलं. "काय गं?" अक्कांनी विचारलं. "काही नाही," मी म्हटलं आणि वहीत बाहीचा आकडा चुकीचा लिहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांना अक्षरशः ओढत डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं. सुई घालून गाठीतला थोडा भाग काढायचा आणि तपासायला पाठवायचा, म्हणाल्या. आत्ताच घाबरू नका, पण उशीरही करू नका. पुढच्या सोमवारची तारीख दिली. अक्कांनी मान हलवली, बाहेर आल्या, रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "तू आदी तुज्या पत्त्यांना इचार. ते बरं म्हनले तर जाऊ."

इथं मी नको तो शहाणपणा केला. अक्का, असल्या गोष्टी पत्त्यांना विचारत नाहीत, एवढं वाक्य बोलायला काय झालं होतं? पण मला वाटलं, सूर्याचा पत्ता निघेल, नाहीतर ताऱ्याचा, दोन्ही शुभच. अक्का खुश होतील आणि सोमवारी सुई टोचून मोकळ्या होतील. दुकानात आलो. मी पत्ते पिसले, अक्कांनी एक ओढला आणि सरळ केला. पांढऱ्या घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा.

"अक्का, हा मरणाचा पत्ता नाही बरं का. म्हणजे नाव तेच आहे, पण अर्थ तसा नाही. जुनं जातं, नवं येतं, एवढाच अर्थ."

"जुनं म्हंजे कोन?" अक्कांनी विचारलं.

यावर व्हिडिओवाल्या बाईंनी काही शिकवलं नव्हतं. मी हसत हसत बोलत सुटले. घोड्याचा रंग बघा, मागं उगवणारा सूर्य बघा. अक्का उठल्या, पदर सावरला आणि "बस जाईल माजी" म्हणून निघून गेल्या.

सोमवार आला आणि गेला. अक्का आल्या नाहीत. फोन केला तर म्हणे भुईमूग काढायला माणसं लागलीत. पुढच्या सोमवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या सोमवारी अमावास्या. थोरल्या भावजींनी समजावून बघितलं, शेवटी त्यांनीही हात टेकले. मी शिवायला बसले की शिवण वाकडी जायची. एका बाईला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून दिल्या आणि वर तिच्यावरच चिडले. माझ्या पत्त्यानं अक्कांची तपासणी अडवली होती. त्यांना काही झालं तर ते माझ्यामुळं होणार होतं. दुसरा कसलाच विचार डोक्यात येत नव्हता.

मग मी ठरवलं, घोळ पत्त्यानं घातलाय तर पत्त्यानंच निस्तरायचा. नवा जोड आणायचा. मऊ, मायाळू. ज्यात सापळा नाही, कोसळता बुरूज नाही, शिंगवाला सैतान नाही. देव्यांचा जोड. अक्का देवीच्या शब्दाबाहेर नाहीत. देवी जा म्हणाली की जातील.

लेक फोनवर एकेक जोड दाखवायला लागली. पहिल्या जोडातल्या देव्या गोऱ्यापान, सोनेरी केसांच्या, आणि अंगावर कापड बेताचं. मी ब्लाउज शिवणारी बाई, माझी नजर आधी तिथंच जाणार. "अगं, हे मी अक्कांपुढं ठेवू?" दुसऱ्या जोडात एका देवीला मांजराचं तोंड होतं.

"आई, ती इजिप्तची आहे. घर राखते."

"तिकडंच राखू दे तिला."

तिसऱ्या जोडात आपल्याच देव्या होत्या, पण चित्रकारानं सगळ्यांचे डोळे असे वटारले होते की बघणाऱ्याला वाटावं, आपल्याच हातून काहीतरी चुकलंय. लेक वैतागली. "आई, तू देवी शोधतेयस की सून?" मी म्हटलं, सून मी एवढी पारखून केली असती का?

चौथा जोड बघितला आणि मला एकदम बरं वाटलं. फिके, पाण्यासारखे रंग. कुणाच्या हातात कमळ, कुणाच्या हातात कणसं, कुणाच्या मांडीवर वीणा, कुणी नदीकाठी बसलेली. एकीचंही तोंड रागीट नाही. पाचव्या दिवशी पार्सल आलं तेव्हा मी गिऱ्हाइकाला टेपसकट उभं ठेवून डबी उघडली.

पण जोड कितीही सौम्य असो, आपल्या देव्या त्या आपल्या देव्या. चव्वेचाळीस पत्त्यांत दोन निघाल्याच. एक काली, जीभ बाहेर काढलेली. दुसरी आठ हातांची, पायाखाली महिषासुर आणि त्रिशुळाच्या टोकाला लाल रंग. रंग फिका होता, पण रक्त ते रक्त. मी दोघींना हात जोडले, माफी मागितली आणि दोन्ही पत्ते मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीखाली सारून ठेवले.

"अक्का, ब्लाउज तयार आहे, ट्रायलला या," असा फोन केला. पत्त्यांचं नाव काढलं नाही. अक्का शुक्रवारी आल्या. ब्लाउज अंगावर चढवला, आरशात बघितलं, गळा जरा मोठाच ठेवलाय म्हणून नाक मुरडलं. मग मी हळूच डबी पुढं केली. नवे पत्ते आणलेत, सगळ्या देव्या आहेत, एक काढून बघता का?

अक्कांनी आधी मोरीत जाऊन हातपाय धुतले. कापायच्या टेबलावर पत्ते मांडू देईनात. "कात्री पडती तितं. देवीला तितं ठेवत्यात व्हय?" मग स्टुलावर कोरा ब्लाउजपीस अंथरला. पिसायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. "देवीला असं घुसळायचं?" पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि एकेक पत्ता समोर धरून त्याला बोट लावायला सुरुवात केली. तेवढ्यात एक बाई फॉलची साडी घ्यायला आली. तिनं हे बघितलं, चपला बाहेर काढल्या, आत येऊन मनोभावे नमस्कार केला आणि साडी न घेताच गेली.

बेचाळीस देव्यांना कुंकू लागलं. अक्कांनी डबी उलटी करून झटकली.

"आपली कुटं हाय?"

आपली म्हणजे तुळजापूरची. आमचं कुलदैवत. मी उगाच सुईत दोरा ओवायला घेतला.

"असेल की यातच."

"न्हाय. बाकीच्या समद्या आल्या. आपलीच न्हाय व्हय?"

अक्कांशी खोटं बोलणं मला जमत नाही. म्हणजे तेव्हा मला तसंच वाटत होतं. "काढून ठेवलीय," मी म्हटलं. "हातात त्रिशूळ होता, पायाखाली महिषासुर होता. तुम्ही परत घाबरला असता."

"त्रिशुळाला घाबरू मी? अगं बाई, त्येच्यासाटीच तर जातो की आपन तिच्याकडं! नुस्तं कमळ घिऊन बसलेली काय करंल माजं?" त्यांनी सगळा जोड माझ्यापुढं सरकवला. "आन् समदं चांगलंच घातलंयस तू ह्यात. मग चांगलं निगालं तर मी खरं कसं मानू?"

माझं डोकंच फिरलं. "मग मी करू तरी काय?" मी ओरडले. "दीड महिना झाला! गाठ तिकडं वाढतेय आणि तुम्ही भुईमूग काय काढताय, अमावास्या काय सांगताय! मला अन्न गोड लागत नाही. त्या सापळ्याचा पत्ता मीच तुमच्या हातात दिला. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकडं जाऊ? माझी बाजू घेणारं दुसरं कोण आहे त्या घरात?" आणि मग जे रडू आलं ते आवरेना. शेजारच्या दुकानातला रेडिओसुद्धा कुणीतरी बारीक केला.

अक्कांनी मला रडू दिलं. मग पदरानं माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं खसाखसा.

"सापळ्याला घाबरले वाटलं व्हय तुला? ते चित्र हाय गं. मी तुज्या तोंडाकडं बगत हुते. माप घेताना तुजं तोंड पांडरं फटक पडलं. इचारलं तर काय न्हाय म्हनलीस. डॉक्टरबाईकडं हसत हुतीस. पत्ता निगाला तवाबी हसत हुतीस, आन् हात थरथर कापत हुते. म्हनलं, डॉक्टरबाईनं हिला एकटीला काय तरी सांगितलंय. ही लपवतीया. आटपलंच मग आपलं. सुई तरी कशाला टोचून घ्यायची?"

दीड महिना ही बाई भुईमुगाच्या ढिगापुढं बसून आपल्याला मरण सांगितलंय असं समजत होती, आणि मी इकडं मांजरमुखी देवी नको म्हणून लेकीशी हुज्जत घालत होते. मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

"अक्का, मला कुणी काही सांगितलेलं नाही. गाठ कसली आहे ते मलाही माहीत नाही. तुमच्याएवढंच माहीत आहे."

"खरं?"

मी मशीनच्या खणातून पत्ता काढला, स्टुलावर ठेवला आणि आठ हातांच्या आईवर हात ठेवून पुन्हा तेच सांगितलं. अक्कांनी तिलाही कुंकू लावलं. देवीला विचारलं मात्र काहीच नाही, पत्ताही काढला नाही.

"चल मग सोमवारी," त्या म्हणाल्या. "पन एक सांगते. हितनं पुडं मला हसून दाखवायचं न्हाय. जे असंल ते तुज्या तोंडावर दिसलं पायजे."

सोमवारी सुई झाली. अक्का हूं की चूं न करता टेबलावर पडून राहिल्या, उलट नर्सलाच तिच्या ब्लाउजचं फिटिंग चुकलंय म्हणून माझ्या दुकानाचा पत्ता देऊन आल्या. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायला बोलावलं. डॉक्टरबाईंनी कागद आधी स्वतः वाचला, चष्मा काढला आणि सांगितलं. गाठ वाईट आहे. पण लहान आहे, वेळेत आलात, ऑपरेशन करू, त्यानंतरचे उपचार करू.

त्या हे सगळं अक्कांना समजावून सांगत होत्या आणि अक्का त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत. ओठ थरथरायला लागले, ते दाबले नाहीत. अक्कांनी माझं तोंड नीट बघून घेतलं, माझा हात आपल्या हातात घट्ट धरला आणि मग डॉक्टरबाईंकडं वळल्या.

"हं, आता सांगा," म्हणाल्या, "कवा यायचं?"