नऊ कागद

माझी सगळी नोकरी तिवस्याच्या कचेरीत, जुन्या कागदांच्या खोलीत गेली. मूळ कागद कपाटात ठेवायचा आणि नक्कल अर्जदाराच्या हातात द्यायची, एवढं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्याच मला एका प्रिंटरने तीन दिवस वेड लावलं.

अमरावतीचं आमचं घर वडिलांनी बांधलेलं. दीड वर्षापूर्वी मी आणि माझ्या धाकट्या भावाने त्याच्या मधोमध भिंत घातली. वाटणीपत्रात अंगणातली विहीर तेवढी 'सामायिक' राहिली. घरातला प्रिंटर त्याच्या कॉम्प्युटरला जोडलेला होता, तो त्याच्याकडे गेला. वायफायवरून मात्र कुणी भांडलं नाही. जे दिसत नाही त्याची वाटणी कोण मागणार? ते होतं त्याचं, पण चालत राहिलं दोन्हीकडे. आमचं बोलणं बंद झालं. मी फोनचा नंबरसुद्धा बदलला आणि अकोल्याच्या थोरल्या बहिणीला बजावलं, की हा नंबर त्याला द्यायचा नाही. एवढा राग नेमका कशाचा होता, हे आज कुणी विचारलं तर मला धड सांगता यायचं नाही.

मुलगा पुण्याला. आमचं अर्धं घर विकून आम्ही दोघांनी त्याच्याकडे जावं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. हे फक्त बायकोला माहीत होतं. जाहिरातीचा कागद मी स्वतःच टाइप केला: 'अर्धे घर विकणे आहे. विहीर सामायिक.' खाली ठळक अक्षरात माझा नवा नंबर. हा कागद बाहेरच्या दुकानात छापून घेतला असता तर संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झाला असता. म्हणून नवा प्रिंटर आणला आणि वायफायला जोडला. कंपनी तीच, मॉडेल तेच, कारण त्या जुन्याने कधी दगा दिला नव्हता.

आणि नवा काही छापेना. लॅपटॉप म्हणे, पाठवलं. प्रिंटर गप्प. हिरवा दिवा लावून माझ्याकडे बघत बसलेला. त्याचं स्वतःचं बटण दाबलं, की चाचणीचा कागद झकास काढून द्यायचा. माझा कागद म्हटला की मुका. मी वायर काढून घातली, शाईचं झाकण उघडून लावलं, पुन्हा पाठवलं. पाठवलं म्हणे. कुठे पाठवलं, ते सांगायची त्याला सोय नव्हती.

शेवटी लॅपटॉपमधली प्रिंटरांची यादी उघडली. तिथे एकाच नावाचे दोन प्रिंटर. एकापुढे 'सामायिक' लिहिलेलं, दुसऱ्यापुढे कंसात 'कॉपी १'. दुकानदाराने सांगितलं होतं, की हा घरातल्या सगळ्यांना वापरता येतो, म्हणजे सामायिक तोच माझा. आणि कॉपी म्हणजे नक्कल. जन्मभर लोकांना नकला काढून दिल्या, ही एक काढून टाकली. मूळ ठेवला. आता चूक होणं शक्यच नाही, अशा थाटात पुन्हा कागद पाठवला.

काही नाही. भिंतीपलीकडे मात्र भावाचा जुना प्रिंटर खरखर करत चालू झाला. मला आधी नवल वाटलं, मग चीड आली. माझा बंद पडला की याला नेमकी कामं सुचतात! मी इकडे बटण दाबावं आणि त्याने तिकडे छापत बसावं, असं दोन दिवस चाललं. त्या दोन दिवसांत मी तो कागद सगळे मिळून नऊ वेळा पाठवला. एकदा तर प्रिंटरला चापट मारली.

"आवो, मशीनले काहून मारता?" बायको म्हणाली. "थे काय तुमचं आयकून राहिलं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याहून बहिणीचा फोन आला. सरळ झापायलाच लागली.

"काहून रे, घर इकून राहिला म्हणे तू? बरं, इकतो तं इक. पन त्याले एकदा सांगितलं असतं तं समजलं नसतं का? नऊ नऊ खेपा काहून पाठवतं? जेवला नाही थो काल."

माझं डोकंच चालेना. त्याला कळलं कसं? मी बायकोकडे पाहिलं, तिने कानाला हात लावले.

"ताई, म्या त्याले काहीच नाही पाठवलं," मी म्हणालो. "माह्याच मशीनमधून कागद निघून नाही राहिला, तं त्याले कुठून पाठवू?"

"ठेव," बहीण म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला. आमच्या दोघांच्या मध्ये नऊ इंचांची भिंत, पण बोलणं अकोल्याला जाऊन परत यायचं.

दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. माझा नवा प्रिंटर आपणहून घरघरला. कुणी हात लावला नव्हता, लॅपटॉप मिटलेला होता. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. कागद हळूहळू बाहेर आला. आम्ही बोलतो तसंच त्यावर टाइप केलेलं होतं:

'दादा, तुह्या मशीनले काही नाही झालं. तू सारं मलेच पाठवून राहिला. कागद घेऊन जाय.'

मी खुर्चीत बसलो. सामायिक म्हणजे त्याचा जुना प्रिंटर, दीड वर्ष माझ्या यादीत तसाच राहिलेला. सामायिक ठेवणं त्याने बंद केलं नव्हतं, मीही तो यादीतून काढला नव्हता. आणि नक्कल समजून मी फेकला तो माझा नवा. वायफाय एकच, म्हणून तो त्यालाही तिकडून दिसत होता. एवढं सगळं समजायला मला बराच वेळ लागला, आणि समजल्यावर फार वाईट वाटलं. नऊ वेळा! त्या खरखरीवर मी इकडे चिडत होतो आणि तिकडे तो दर वेळी तोच कागद उचलून वाचत होता.

चपला घालून, विहिरीला वळसा घालून त्याच्या दारात गेलो. तो उभाच होता. वाळल्यासारखा दिसला. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे केला. कचेरीची सवय, मी तिथेच मोजले.

"आठच हायेत," मी म्हणालो. दीड वर्षानंतर त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

"एक म्या ठेवला," तो म्हणाला. "तुहा नवा नंबर हाये त्याच्यावर."

आठ कागद घेऊन घरी आलो आणि खिशातला फोन काढून टेबलावर, समोर दिसेल असा ठेवला.