मिस्त्रींचा कान आणि चौदा गाणी

लोकप्रिय संगीत न आवडणाऱ्या माणसाविषयी लोकांची दोनच अनुमाने असतात: एक तर तो शिष्ट असावा, नाहीतर म्हातारा होत चालला असावा. लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या मिस्त्रींवर हे दोन्ही आरोप झाले होते. पहिला नव्या साहेबांनी केला, दुसरा घरातून आला. मिस्त्री चोपन्न वर्षांचे असल्यामुळे दुसऱ्यात थोडेफार तथ्य मानता आले असते. पहिल्यात मात्र ते नव्हते. शिष्टपणा करायचा तर माणसाजवळ दुसरे काहीतरी उच्च प्रतीचे असावे लागते, आणि मिस्त्री घरी कोणतेच संगीत ऐकत नसत. त्यांचा रेडिओ बातम्यांपुरता लागे, आणि निवेदिकेला निरोप घेण्याचीही उसंत न देता बंद होई.

याचे कारण साधे होते. दिवसभर ते ऐकण्याचेच काम करत. कारखान्यात चार रांगांत मिळून साठ शिलाई मशिने होती. सकाळी आठाला ती सुरू झाली, की मिस्त्री हात पाठीमागे बांधून, नजर फरशीवर ठेवून, चारही रांगांतून एक फेरी मारत. नव्याने कामाला लागलेल्या बाईला वाटे, यांचे काहीतरी पडले आहे. एखाद्या मशीनमागे ते थांबत, बोट वर करत, बाई पेडलवरचा पाय काढी, आणि मिस्त्री एकच शब्द उच्चारत: "तेल", किंवा "पट्टा", किंवा "सुई". एकतीस वर्षांत हा शब्द चुकल्याचे कोणाला आठवत नव्हते. मशीन बंद पडण्याआधीच दुरुस्त होत असल्यामुळे मिस्त्री नेमके करतात तरी काय, हा प्रश्न वरच्या मंडळींना अधूनमधून पडत असे. चांगल्या कामाची ही जुनीच अडचण आहे.

नव्या साहेबांनाही तो पडला. पण त्याआधी त्यांनी भिंतींवर सहा स्पीकर बसवले. गाणी लावली की हात झपाझप चालतात, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्या महिन्यात जी जिकडेतिकडे वाजत होती अशी चौदा गाणी निवडली गेली. तासाभरात यादी संपे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बायका खूश झाल्या. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या, त्या तशाच राहिल्या.

"एवढं काय वाईट आहे हो त्यात?" काजवाल्या ताईंनी विचारले. काजांच्या मशीनवर त्या अठरा वर्षे बसत होत्या. कारखान्यात मिस्त्रींची थट्टा करण्याचा अधिकार त्यांच्याखेरीज कोणाला नव्हता.

"सगळं सारखंच आहे, ताई. एक संपलं कधी, दुसरं लागलं कधी, पत्ता लागत नाही."

"साठ मशिनं तुम्हाला वेगवेगळी ऐकू येतात, आणि चौदा गाणी नाही?"

"मशीन काहीतरी सांगतं."

"गाणंही सांगतं की. प्रेमात पडा म्हणतं."

"चौदाच्या चौदा तेच म्हणतात."

"मग काय त्यांनी बाजारभाव वाचून दाखवायचे? नाचता येईना, अंगण वाकडं. दुसरं काही नाही, मिस्त्री."

सगळी रांग हसली. मिस्त्रीही हसले, पण उत्तर अपुरे राहिल्याची रुखरुख त्यांना लागली. नावड ही गोष्ट अशीच असते. ती पक्की असते आणि तिची कारणे मात्र विचारणाऱ्यागणिक बदलतात. साहेबांना त्यांनी सांगितले, की आवाज फार आहे. आवाज कमी झाला, नावड तशीच राहिली. बायकोला सांगितले, की शब्दांना अर्थ नाही. ती म्हणाली, "अहो, आपल्या लग्नात जी गाणी वाजली त्यांना कुठे होता?" तेव्हा तेही कारण बाद झाले.

खरे कारण त्यांच्या पेशात होते. ज्या मशीनमध्ये काही बिघाड नाही ते मिस्त्रींना ऐकूच येत नसे. कान त्याच्यावरून घसरून पुढे जाई आणि जिथे काही खटकेल तिथे अडे. ही गाणी तर अशी घासूनपुसून केलेली होती, की त्यांत खटकण्याजोगा कोपरा उरलेला नव्हता. गाणाऱ्याचा श्वासदेखील काढून टाकलेला. जिथे काहीच हळू नाही तिथे मोठे तरी काय असणार? तीन-चार क्षणांत पुढचा सगळा मार्ग दिसे आणि कान रिकामा परत येई. अडणाऱ्या कानाला अडू न देणारे गाणे म्हणजे चावून खाण्याची सवय असणाऱ्याला दिवसभर दिलेली खीर. इतरांचे कान मात्र त्याच गुळगुळीतपणात विसावत. ताईंनी एकदा सहज म्हटले होते, "त्यात नवीन काही घडत नाही, म्हणून तर बरं. डोकं सुईवर ठेवायला मोकळं राहतं." मिस्त्रींनी तेव्हा ते कानाआड केले.

महिना संपत आला, तसा साहेबांनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावले. बाहेरची एक कंपनी मशिनांची देखभाल करायला तयार होती. प्रत्येक मशीन ठरलेल्या तारखेला उघडायचे, तपासायचे, बंद करायचे. सकाळच्या फेरीची गरज उरणार नव्हती. मिस्त्रींनी सुट्या भागांच्या खोलीत बसावे, मागेल त्याला मागेल ते द्यावे.

"पगार तोच राहील," साहेब म्हणाले. ते वाईट मनाचे नव्हते. "पण कारखाना कानावर चालतो, हे मी वर कसं सांगू? कान कागदावर दाखवता येत नाही. महिनाअखेर ठरवू."

मिस्त्रींना खोलीचे वाईट वाटले नाही. तिथे खिडकी होती, खुर्ची होती, कपाटे त्यांनीच लावलेली होती. पण तिथे ऐकण्यासारखे काही नव्हते. आता महिनाअखेरपर्यंत कान चुकता कामा नये, एवढेच त्यांनी ठरवले. आणि जी गोष्ट एकतीस वर्षे ठरवावी लागली नव्हती ती ठरवल्याबरोबर बिनसली.

सोमवारी गाण्यांची यादी बदलली. चौदा नवी गाणी लागली. फेरीत मिस्त्री तिसऱ्या रांगेत सातव्या मशीनमागे आले आणि थबकले. टक्. चार टाके पडावेत एवढ्या अंतराने पुन्हा टक्. कोरडा, हलका, लाकडावर नख मारल्यासारखा. सुईचा दांडा ढिला झाला की अगदी असाच येतो. त्यांनी बोट वर केले. बाईने पाय काढला, तसा आवाज थांबला.

"दांडा," मिस्त्री म्हणाले, आणि टेबलावर कापड अंथरून त्यांनी मशीन उघडले.

दांडा घट्ट होता. त्यांनी खालचा भाग काढला. तोही चोख. झाकण, पट्टा, स्क्रू, एकेक वस्तू कापडावर येत गेली. शेजारच्या बाया माना वळवून पाहू लागल्या, कारण मिस्त्रींना दुसऱ्यांदा शोधताना कोणी पाहिले नव्हते. तासाभराने मशीनचे नुसते घर उरले, आतले सगळे बाहेर. आणि तेवढ्यात आवाज आला.

टक्.

मिस्त्री कापडावरच्या सुट्या भागांकडे पाहत राहिले. मशीनची वीज बंद होती. चार टाक्यांनंतर पुन्हा टक्.

"मिस्त्री," काजवाल्या ताई मागच्या रांगेतून शक्य तितक्या हळू म्हणाल्या, "ते गाण्यात आहे."

स्पीकर बरोबर डोक्यावर होता, आणि यादी फिरून त्याच गाण्यावर आली होती. हसू आधी त्या मशीनच्या बाईला फुटले, मग रांगेला, मग चारही रांगांना. सुटं झालेलं मशीन बोलतं, मांत्रिकाला बोलवा, अशा सूचना आल्या. मिस्त्रींनी मान खाली घालून एकेक स्क्रू जागच्या जागी बसवला. काचेआडून साहेबांनी पाहिले, आणि घड्याळाकडेही पाहिले.

ताक फुंकून प्यायल्याबद्दल ज्याचे हसे झाले तो माणूस पुढच्या खेपेला ऊन दूधही तसेच घशाखाली घालतो. मिस्त्रींचे तेच झाले. मंगळवारी त्यांना दोनदा टक् ऐकू आले, दोन्ही वेळा ते गाण्यातलेच निघाले. गुरुवारी ते काजांच्या मशीनमागून जात असताना पुन्हा तोच कोरडा आवाज आला. वर ते टक् टक् गाणे चालू होते. मिस्त्री मनाशी हसले, आपण आता फसत नाही, आणि पुढे निघाले.

"मिस्त्री, अहो, इकडे या जरा."

"काय झालं, ताई?"

"टक् होतंय."

"गाण्यात आहे ते. तुम्हीच नाही का सांगितलं? आता मलाच शिकवता?"

"हे गाण्यातलं नाही." ताईंनी पेडलवरचा पाय काढला होता. "दुसऱ्या कडव्यात ते टक् नसतं. तिथे ती मुलगी एकटीच गाते, मग सगळे मिळून गातात आणि तेव्हा ते परत येतं. आत्ता दुसरं कडवं चालू होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"दिवसातून आठ वेळा ऐकते मी. पाठ आहे मला, मिस्त्री! पाठ असलं की ते आपोआप बाजूला होतं, बाकीचं तेवढं उरतं. तुम्हाला नाही होत असं?"

मिस्त्रींना मशिनांच्या बाबतीत नेमके असेच होत असे. त्यांनी वाकून पाहिले. सुई खालच्या पट्टीला केसाएवढी घासत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती मोडली असती, आणि टोक एखाद्या तान्ह्या मुलाच्या झबल्यातल्या काजात अडकून बाहेर गेले असते.

"सुई," मिस्त्री म्हणाले. पण हा शब्द आज त्यांचा नव्हता.

नवी सुई बसवून, पट्टी सरळ करून होईपर्यंत ताई शेजारी उभ्या होत्या. "साहेबांना सांगा तुम्हीच पकडलं म्हणून," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "महिनाअखेर आलीय. माझं काय जातंय?"

"नको," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हातून सुटलं ते. फेरी मी मारतो."

आणि ते काचेच्या खोलीत गेले. जे घडले ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले. साहेबांनी घासलेली सुई उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"म्हणजे एका आठवड्यात तुमचा कान दोनदा चुकला."

"हो. एकदा गाण्याला मशीन समजलो, एकदा मशीनला गाणं."

"मग गाणी बंद करतो. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

ते खरोखर हवे होते. महिनाभर मिस्त्री मनोमन हेच मागत होते आणि आता ते मागितल्याशिवाय समोर आले होते. काचेपलीकडे ताई काज काढत होत्या. ओठ हलत होते, बोटे कापड सरकवत होती, आणि कान, मिस्त्रींना आता कळत होते, तिसरेच काहीतरी करत होते. आपण ही गाणी ऐकून टाकून दिलेली नाहीत, आपण ती कधी ऐकलीच नाहीत, हे त्यांना त्या घडीला पटले. तेल न घालता मशीन जड चालते म्हणणाऱ्या नवशिक्यावर ते स्वतः किती वेळा खेकसले होते!

"बंद नका करू," ते म्हणाले. "शाप देतील सगळ्या मला. नवी यादी लावायच्या दोन दिवस आधी मात्र माझ्या हातात द्या. आणि फेरीला कधीमधी काजवाल्या ताईंना माझ्याबरोबर येऊ द्या."

"आणि त्यांचं मशीन कोण चालवणार?"

"ती फेरी पंधरा मिनिटांची आहे, साहेब. सुई मोडून टोक झबल्यात गेलं असतं, तर ते पंधरा मिनिटांत आवरलं असतं का?"

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी बाहेरच्या कंपनीचा कागद टेबलाच्या खणात ठेवला. "तीन महिने," ते म्हणाले. "मग पुन्हा बघू." मिस्त्रींना तेवढे पुरेसे होते.

पुढच्या रविवारी दुपारी ते घरी जेवणाच्या टेबलाशी कागद-पेन्सिल घेऊन बसले. समोर बायकोचा फोन, त्यात पुढच्या यादीतली चौदा गाणी. एकेक गाणे ते तीनदा लावत आणि कुठे टक् येते, कुठे घासल्यासारखे वाजते, कुठे पट्टा सुटल्यासारखे होते, त्याची नोंद करत. बायको भाजी निवडत होती. पाचव्या गाण्याला तिचा पाय हलू लागला.

"आवडलं म्हणायचं का तुम्हाला शेवटी?" तिने विचारले.

"छे. मुळीच नाही."

"मग तेच तेच काय लावताय?"

"आता का आवडत नाही, ते नीट सांगता येईल." मिस्त्रींनी चष्मा वर सारला. "हे बघ, इथे, सुरुवातीला, ढोल येतो. आता त्याच्यानंतर खरं म्हणजे थोडं थांबायला हवं. माणसाला श्वास लागतो. पण हे..."

"अहो," बायको म्हणाली, "सांगा की नंतर. आधी ते गाणं पुरतं होऊ द्या."

मिस्त्री थांबले. गाणे पुरते झाले. मग त्यांनी कागदावर सहावा आकडा घातला, आणि बायकोने सांगितल्याशिवायच पाचवे पुन्हा एकदा, चौथ्यांदा, लावले.