त्साम्बिकोसची वेलबुट्टी

माझा मामा स्टेर्गोस आणि त्साम्बिकोस एकाच उस्तादाच्या हाताखाली पाथरवट झाले. आमच्या ऱ्होड्स बेटावरून तुर्क गेले आणि इटालियन आले, तेव्हा त्यांच्या गव्हर्नरला पूर्वेकडच्या थाटाची फार हौस होती. कमानी हव्या, घुमट हवे, जाळ्या हव्या. बंदरावरच्या जकात कचेरीच्या दर्शनी भिंतीसाठी दोघांनी नमुने कोरून दिले. इंजिनिअरने त्साम्बिकोसची द्राक्षवेल पसंत केली. मामाच्या वाट्याला आली मागच्या अंगणाची फरशी.

त्यानंतर नऊ वर्षं मामा त्या भिंतीसमोरून गेला नाही. चर्चलाही मासळीबाजाराकडून वळसा घालून जायचा.

आई चिडवायची, "दादा, भिंत चावते का रे तुला?"

"डोळ्यांत खुपते," तो म्हणायचा.

मग नवा गव्हर्नर आला. त्याला ही नक्षी थिल्लर वाटली. सगळं तासून भिंती सपाट करा, असा हुकूम सुटला. त्साम्बिकोसने स्वतःच्या कामाला छिन्नी लावायला साफ नकार दिला. मामा मात्र लग्नाला निघाल्यासारखा दाढी करून परांचीवर चढला.

दुपारी त्साम्बिकोस खाली येऊन उभा राहिला. मामा शिव्यांची वाट बघत होता.

"स्टेर्गो, डाव्या कोपऱ्यात दगड भुसभुशीत आहे. छिन्नी सटकेल, हात सांभाळ."

"मला शिकवू नकोस!"

"बरं बाबा, नाही शिकवत," म्हणून तो निघून गेला.

मामाने डाव्या कोपऱ्यात हात घातला. दगड खरंच भुसभुशीत होता. आणि तिथे, खालून कुणाला दिसणार नाहीत अशा पानांच्या पाठीवरही शिरा कोरलेल्या होत्या. एकूण एक पानावर. मामाने एका पानाच्या शिरांवरून अंगठा फिरवला. मग त्याने ती पानंही तासली.

घरी येऊन त्याने चण्याच्या आमटीचं ताट बाजूला सारलं. "इतकी वर्षं वाटायचं, वशिल्याने मिळालं त्याला काम. तसं नव्हतं गं. तो माझ्यापेक्षा चांगलाच होता."

"मग आता तरी सोड," आई म्हणाली.

"आता कसं सोडू? आता तर जास्तच जळतंय."

तो त्साम्बिकोसशी शेवटपर्यंत बोलला नाही. ती भिंत अजून उभी आहे, मामाने केली तशी, गुळगुळीत. म्हातारी माणसं तिच्याकडे बोट दाखवून नातवंडांना सांगतात, "इथे त्साम्बिकोसची वेल होती."