हिल्डिंगच्या सहा खिडक्या

हिल्डिंग नूरबूम सुतार, मी रंगारी. त्यानं चौकटी करायच्या, मी त्यांना जवसाच्या तेलातला रंग द्यायचा, असं आमचं तीस वर्षं चाललं. तो फारसा बोलत नसे. लाकडावर हात ठेवून मात्र बराच वेळ उभा राही.

आल्मबाकन ही तळ्याकाठची १९०८ सालची व्हिला जुनी वास्तू म्हणून सरकारनं संरक्षित केलेली होती. नव्या मालकीणबाईंना, फ्रेड्रिकांना, पुढचा काचेचा व्हरांडा पाडून तिथं उबदार खोली हवी होती. म्हणून जिल्हा कचेरीतून इल्वा नावाची तपासनीस आली. माहितीसाठी आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. व्हरांड्याच्या सहा खिडक्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"या मूळच्याच. यांना हात लावता येणार नाही."

फ्रेड्रिकाबाईंचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. हिल्डिंग नुसता गप्प राहिला असता तरी खिडक्या वाचल्या असत्या.

"मूळच्या नाहीत," तो म्हणाला. "एकसष्ट साली मी केल्या. जुन्या कुजल्या होत्या."

"पण हे लाकूड? हे रंध्याचे माग?"

"रंधा माझ्या बापाचा. लाकूड पाडलेल्या कोठाराचं. गुण्या लावून बघा, एकही कोपरा काटकोनात नाही. घर तळ्याकडे कललंय, म्हणून मीही तितक्याच कलत्या केल्या."

इल्वानं गुण्या लावला. मग दुसऱ्या कोपऱ्याला, मग तिसऱ्या.

"बोलला नसतात तर, नूरबूम..."

"तर त्या पहिल्या सुताराच्या नावावर लागल्या असत्या. तो मेलाय. त्याला खोट्यात कशाला ओढायचं?"

व्हरांडा पाडायची परवानगी निघाली. त्या संध्याकाळी हिल्डिंगच्या घरी त्याची बायको रूट कॉफी ओतताना त्याला म्हणाली, "शहाणाच आहेस! चाळीस वर्षं माझ्याशी दोन वाक्यं धड बोलला नाहीस, आणि तोंड उघडलंस ते आज?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

"मी विचारते तेव्हा बहिरा असतोस."

तो हसला नाही.

पाडायच्या दिवशी सकाळीच तो मला घेऊन गेला. दुसऱ्या कुणाला त्यानं खिडक्यांना हात लावू दिला नाही. खिळे एकेक करून सैल केले. पाच खिडक्या गवतावर निजवल्या. एकही काच तडकली नाही. सहाव्या खिडकीचा शेवटचा खिळा सैल करून तो मागं सरला.

"तू धर," तो म्हणाला.

मी धरली. केवढी जड होती. इतकी वर्षं मी तिला फक्त रंग लावत आलो होतो.