थंड मोटर

सेक्टर सहाच्या मैदानावर आम्ही रिमोटवरची छोटी विमाने उडवतो. तिथे दर रविवारी येणाऱ्या एका गृहस्थांकडे स्वतःचे विमान नाही. सल्ला मात्र आहे, आणि तोही एकच. "पंखा मोठा लावा ना भाऊ, कावून भेता?" छोट्या, वेगवान मोटरीला मोठा पंखा झेपत नाही, हे त्यांना मान्यच नाही. विमान उतरले की आम्ही मोटरीवर बोट टेकवतो. चटका बसला, तर पंखा चुकला.

परवा त्यांच्या आग्रहाने मी मोठा पंखा लावला. विमान जळका वास घेऊनच उतरले. बॅटरीही फुगली होती. माझ्याआधी त्यांनी मोटर मुठीत धरली.

"गरम कुठं हाये? थंडच तर हाये!"

डोळ्यांत पाणी तरळले, तरी मूठ सुटेना. 'सोडा' म्हणणे माझ्या ओठांवर होते. पण ते आणखी किती वेळ धरतात, हे मला पाहायचे होते.